फुल इंजिन खोलण्याआधी

आमची स्प्लेंडर १९९९ सालची. बाबांनी घेतलेली, एमएच ३१ म्हणजे नागपूर पासिंगची. ९७.२ सीसीचं इंजिन, चार गिअर आणि चारही पुढे पंजाने दाबायचे. बाबांचे गुडघे दुखायला लागल्यापासून ती माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या गिअरने त्रास द्यायला सुरुवात केली आणि तो त्रास एका प्रकारचा नव्हता.

मानेवाड्याहून निघून सीताबर्डी येईपर्यंत इंजिन चांगलं तापायचं आणि व्हरायटी चौकातल्या सिग्नलला न्यूट्रल सापडायचा नाही. टाचेने कितीही दाबा, हिरवा दिवा लागायचा नाही. इंजिन बंद केलं की तोच न्यूट्रल पटकन पडायचा. पहिला टाकताना खाडकन आवाज व्हायचा आणि क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडीला पुढे धक्का बसायचा. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना कधी कधी मधेच गिअर कुठलाच नसायचा, इंजिन नुसतं ओरडायचं. शिवाय लिव्हर अधूनमधून दाबलेलीच राहायची, बुटाच्या टोकाने वर उचलून घ्यावी लागायची.

हे सगळं सहन करत मी गाडी चालवत होते. पण काटोल रोडला फेटरीच्या पुढे एका ट्रकला ओलांडताना दुसरा गिअर सुटला. ऐन जोर द्यायच्या वेळी चाकाकडे जाणारी ताकदच गेली, डावीकडे ट्रक आणि मागून हॉर्न. छातीत धस्स झालं. त्या दिवशी ठरवलं की आता हे नीट करूनच पुढे.

घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडी घेऊन गल्लीत एक चक्कर मारली आणि उतरता उतरता निदान सांगितलं. गिअरबॉक्स गेला, फुल इंजिन खोलावं लागेल, आठ-नऊ हजार धरून चला. ज्यांनी कधी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, या गाड्यांमध्ये गिअरबॉक्स इंजिनाच्याच पोटात असतो, वेगळा नसतो. त्यातले गिअर हातात घ्यायचे तर इंजिन फ्रेममधून उतरवायचं, हेड आणि सिलिंडर काढायचं, मॅग्नेट काढायचं, क्लच काढायचा आणि मग इंजिनाच्या दोन्ही केस, म्हणजे बाहेरची धातूची कवचं, एकमेकांपासून सोडवायच्या. एवढं खोललं की बेअरिंग, ऑइल सील, पॅकिंग हे सगळं ओघाने आलंच. आणि केस सोडवताना कुणी घाईने मधे पेचकस घालून उचकली, तर त्या दोन सपाट कडांवर ओरखडे पडतात आणि गाडी पुढे आयुष्यभर तेल गाळत राहते. चांगल्या हाताने केलेलं फुल इंजिन गाडीला नवं आयुष्य देतं यात शंका नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की एका चक्करीत हे ठरतं कसं?

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "खोलू नको बाई अजून. अजनीच्या मिस्त्रीले दाखव आधी."

अजनीचे मिस्त्रीकाका म्हणजे टिनाच्या शेडमध्ये एकटेच काम करणारे, राजदूत आणि येझदी या जुन्या मोटरसायकलींवर हात बसलेले गृहस्थ. येझदीत किक आणि गिअरची लिव्हर एकच असायची, किक मारून झाली की तीच लिव्हर पुढे वळवून गिअर टाकायचे, आणि गिअर टाकताना आतून क्लच आपोआप थोडा सुटायचा. अशा गाड्यांवर शिकलेल्या माणसाला गिअर आणि क्लच ही दोन वेगळी खाती नाहीत हे मुळातच ठाऊक असतं. काकांनी गाडीला हातही न लावता आधी प्रश्न विचारले. गार असताना होते का गरम झाल्यावर? वर जाताना का खाली येताना? लिव्हर आपला पूर्ण रस्ता जाते आणि तरी गिअर पडत नाही, का लिव्हरच अर्ध्यात अडते? इंजिन बंद केल्यावर काय होते? माझ्याकडे काहींची उत्तरं होती, काहींची नव्हती. ते म्हणाले, "पाहून या ताई. दोन-चार दिवस चालवा आन् नीट पाहून या. गिअर पायापासून चालू होते, आपण पायापासून पाहत जाऊ. गिअरबॉक्स शेवटी."

मी खरंच एक वही केली. कुठे, इंजिन किती तापलेलं, कोणत्या गिअरवरून कोणत्या गिअरवर, काय झालं. ही वही पुढे फार कामाला आली.

आता आत काय घडतं ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिअरबॉक्समधली सगळी चाकं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. आपण गिअर टाकतो तेव्हा दात एकमेकांत शिरत नाहीत. एक चाक शाफ्टवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, आडवं सरकतं आणि त्याच्या अंगावरचे जाड खुंट शेजारच्या चाकाच्या खाचेत जाऊन बसतात. चाकाला सरकवतो तो फोर्क, फोर्कला सरकवतो तो ड्रम, ज्याच्या अंगावर वळणदार चर असतात. आणि ड्रमला एकेक घर फिरवतो तो आपल्या पायाखालच्या लिव्हरचा शाफ्ट. पायापासून गिअरपर्यंत एवढी मंडळी आहेत. त्यातला कुणीही ढिला पडला तरी बाहेर तक्रार एकच येते: गिअर पडत नाही.

दुसरी गोष्ट क्लचची. क्लच म्हणजे एकमेकींवर दाबून बसलेल्या प्लेटा, त्या इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देतात आणि हँडलवरची क्लचची लिव्हर दाबली की एकमेकींपासून सुटतात. खुंट खाचेतून सुटायचे तर त्यांच्यावरचा ताण एक क्षण तरी जायला हवा. क्लच पूर्ण सुटला नाही तर इंजिन आतला शाफ्ट फिरवतच राहतं, खुंट खाचेच्या भिंतीवर दाबून बसतात आणि टाच दुखेपर्यंत दाबलं तरी न्यूट्रल येत नाही. इंजिन बंद केल्यावर ताण जातो, न्यूट्रल पडतो. म्हणजे सिग्नलवरच्या त्या त्रासाचं उत्तर गिअरमध्ये नव्हतं, क्लचमध्ये होतं.

काकांनी पहिली जी तपासणी केली ती मला अख्ख्या कामातली सगळ्यात मोलाची वाटली, आणि तिला एक पैसा लागत नाही. गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिन बंद. एका हाताने मागचं चाक हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने लिव्हर दाबत एकेक गिअर टाकायचा. चाक फिरवावं लागतं कारण खुंट आणि खाच समोरासमोर आले नाहीत तर गिअर बसणार नाही, आणि तो दोष नव्हे. या तपासणीत इंजिन बंद असल्याने क्लचचा संबंध संपतो. जे काही अडेल ते लिव्हर, शाफ्ट, ड्रम आणि फोर्क यांचंच.

पहिला पडला, दुसरा पडला. तिसरा कधी पडला, कधी नाही. न पडताना लिव्हर पूर्ण खाली जात होती पण आत कुणी काही पकडल्याचा खटका हाताला लागत नव्हता. आणि त्यातच एकदा लिव्हर खालीच राहिली. काका म्हणाले, "दोन बिमाऱ्या आहेत ताई. एक क्लचची, एक याची. दोन्ही एकाच दिवशी बऱ्या करायच्या नाहीत."

याचा अर्थ मला नंतर उमगला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी चालवून पाहायची, वहीत लिहायचं, मग पुढची. सगळं एकदम बदललं तर गाडी सुधारेलही, पण कशाने सुधारली ते कळणार नाही आणि पुढल्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागेल. वेळ जास्त लागतो हे खरं. रोज कामावर त्याच गाडीने जाणाऱ्याला हे परवडत नाही हेही खरं. मला बसने जाता येत होतं.

सुरुवात लिव्हरपासून. लिव्हरच्या भोकात बारीक दाते असतात, ते शाफ्टच्या दात्यांवर बसतात आणि खालून दहा नंबरच्या पान्याचा एक बोल्ट ते आवळून धरतो. लिव्हर हाताने हलवली तर शाफ्ट न हलता लिव्हरच बरीच वरखाली होत होती. लिव्हरचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते. शाफ्टचे मात्र शाबूत होते, हे नशीब, कारण शाफ्टचे गेले असते तर काम वाढलं असतं. नवी लिव्हर बसवली. जुनी लिव्हर काढली तेव्हा शाफ्टभोवती काळ्या मातीचा आणि चेनच्या ग्रीसचा दगडासारखा थर निघाला. मोठेबाबांचा संत्र्याचा बगीचा काटोलकडे आहे, पावसाळ्यात तिथल्या काळ्या मातीतून गाडी जाते, ती माती चिकटते, वाळते आणि शाफ्टला हळूहळू जाम करते. रॉकेलने आणि जुन्या दातघासणीच्या ब्रशने ते सगळं खरवडून काढलं. मग चेन पाहिली. या गाडीचं चेन कव्हर पूर्ण बंद असतं, रबरी बूच काढून आत बोट घालून चेन किती ढिली आहे ते बघावं लागतं, आणि म्हणून बहुतेक जण बघतच नाहीत. चेन ढिली असली की गिअर बदलताना जो झटका बसतो तो गिअरचाच वाटतो. आमची ढिली होती, ताणून घेतली.

यानंतर लिव्हर अडकून राहण्याचं प्रमाण कमी झालं, थांबलं नाही. वहीत तसंच लिहिलं.

मग क्लचची वायर. हँडलकडचा रबर मागे सारला आणि वायरचं टोक पाहिलं. जिथे वायर क्लचच्या लिव्हरच्या गोल गुंडीत शिरते तिथे तिच्या बारीक तारा एकेक करून तुटलेल्या आणि बाहेर फुलून आलेल्या होत्या. उरलेल्या तारांवर सगळा भार. अशी वायर लिव्हर दाबताना थोडी ताणली जाते, म्हणजे हात पूर्ण दाबूनही इंजिनाच्या बाजूचा क्लच सोडवणारा आर्म पूर्ण फिरत नाही. बोटभर जाड कव्हरच्या आत हे चाललेलं असतं, बाहेरून वायर ठणठणीत दिसते.

घाट रोडवरून नवी वायर आणली. तिथल्या दुकानदाराला गाडीचं वर्ष सांगावं लागतं, कारण नुसतं मॉडेलचं नाव सांगितलं तर नव्या गाडीचा पार्ट हातात येतो आणि तो लांबीला किंवा टोकाला बसत नाही. मी जुनी वायर सोबत नेली होती, काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून मापं जुळवली. बसवण्याआधी काकांनी नव्या वायरच्या नळीत वरून तेलाचे थेंब सोडले आणि खालून तेल बाहेर येईपर्यंत थांबले. वायर बसवताना तिचा मार्ग सरळ हवा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ती कुठे ताणली जाते का ते पाहायचं. मग क्लचच्या लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलीमीटर मोकळा प्ले, म्हणजे ढील, ठेवायचा. त्याहून जास्त ठेवला तर क्लच पूर्ण सुटत नाही, अजिबात ठेवला नाही तर क्लच पूर्ण धरत नाही आणि प्लेटा जळतात.

आता क्लच ओढतोय का, म्हणजे दाबूनही पूर्ण सुटत नाही का, हे पाहण्याची सोपी रीत. डबल स्टँड, इंजिन चालू, क्लच दाबून पहिला गिअर. मागचं चाक थोडं फिरणारच, कारण प्लेटा तेलात असतात आणि तेल एकमेकींना ओढतं. मागचा ब्रेक हलकेच लावायचा. चाक सहज थांबलं आणि इंजिनाला काही जाणवलं नाही तर ठीक. इंजिन दबलं, बंद पडायला आलं, तर क्लच सुटत नाहीये. नव्या वायरीनंतर गार इंजिनावर चाक सहज थांबलं. अर्धा तास चालवून आल्यावर तेच केलं तर इंजिन पुन्हा दबलं. म्हणजे वायरने अर्धं काम केलं होतं, उरलेलं आत होतं.

मधे ऑइल बदललं. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स, तिघांना एकच तेल. त्यामुळे डब्यावर फोर-टी (फोर-स्ट्रोक इंजिनाचं) आणि जासो एमए (ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचला चालणारं) लिहिलेलं पाहूनच घ्यावं. कारसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती ओल्या क्लचला चालत नाहीत. ९०० मिलीचा १०डब्ल्यू३० या घट्टपणाच्या तेलाचा डबा घेतला. डिपस्टिकने माप घेताना ती पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवून आवळायची नाही, नाहीतर पातळी चुकीची दिसते.

पण जुनं तेल फेकू नका, ही काकांची शिकवण. त्यांनी ते एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये उन्हात ओतलं आणि त्यात लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला राखेसारखी बारीक काळी लुगदी लागली, ती जुन्या इंजिनात असतेच. बोटांत चोळून पाहिली, खडा लागला नाही. तेलात ॲल्युमिनियमची थोडी चमक होती, ती चुंबकाला लागत नाही. गिअरचे खुंट तुटत असते किंवा फोर्क घासून चालला असता तर चुंबकाला टोकदार, कडक कण लागले असते. काका ट्रेकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्यात लोखंडाचे तुकडे नाहीत. मंग फुल इंजिन कायले खोलून राहिला तो?"

इथे माझी खात्री पटली. आठ-नऊ हजारांचा निर्णय त्या ट्रेवर फिरला. कुठल्याही गॅरेजमध्ये गिअरबॉक्स गेला असं सांगितलं तर आधी तेल उतरवून दाखवायला सांगा, असं मी आता ओळखीतल्या सगळ्यांना सांगते.

क्लच पाहायला इंजिनाच्या उजव्या बाजूचं कव्हर उघडायचं ठरलं. त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही, तेल काढायचं, किक काढायची, क्लचची वायर सोडवायची आणि कव्हरचे बोल्ट. बोल्ट लहानमोठ्या लांबीचे असतात. काकांनी एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढला, भोकं पाडली आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच खोचला. कव्हरवर लाकडी हातोडीने हलके ठोके देऊन ते सोडवलं. जुनं पॅकिंग दोन्ही कडांवरून ब्लेडने खरवडायला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि ते काम मी केलं.

क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकावरच्या गोल ऑइल फिल्टरच्या झाकणाआड काळा गाळ बसला होता, इतका घट्ट की काडीने काढावा लागला. तेल गाळणारी जाळीही धुतली. मग क्लच. प्लेटा एकेक करून काढल्या आणि क्रमाने वर्तमानपत्रावर मांडल्या. लोखंडी प्लेटांपैकी दोघी निळसर पडल्या होत्या, म्हणजे कधीतरी फार तापल्या होत्या. काकांनी टेबलावरच्या काचेवर प्लेट ठेवली आणि कडेखाली फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पाती सरकवून पाहिली. लहान इंजिनाच्या प्लेटीला साधारण ०.२ मिलीमीटरच्या वर वाक चालत नाही. त्या दोघींच्या खाली त्याहून जाड पाती जात होती. वाकलेली प्लेट क्लच दाबला तरी शेजारणीला एका कडेने घासत राहते, आणि तापल्यावर जास्तच.

त्याहून बोलकं होतं क्लचचं बाहेरचं हाऊसिंग. त्याच्या उभ्या पट्ट्यांमध्ये प्लेटांचे कान बसतात. प्रत्येक वेळी क्लच सोडला की हे कान पट्टीच्या कडेवर आदळतात, आणि वर्षानुवर्षं आदळून कडेवर पायऱ्या पडल्या होत्या. नखाने सहज मोजता याव्यात अशा. क्लच दाबल्यावर प्लेटांनी मोकळं सरकायला हवं, तर कान त्या पायऱ्यांत अडकून बसत होते. नवं हाऊसिंग त्या वेळी घाट रोडला मिळालं नाही. काकांनी बारीक कानशीने पायऱ्यांच्या उठलेल्या कडा तेवढ्या सपाट केल्या. खाच पूर्ण जाईपर्यंत घासायचं नाही, नाहीतर कान आणि पट्टीत अंतर वाढतं आणि आदळणं आणखी वाढतं. प्लेटा आणि स्प्रिंगा नव्या घेतल्या. घर्षणाच्या प्लेटा बसवण्याआधी रात्रभर नव्या तेलात भिजवून ठेवल्या.

क्लचच्या मागे मात्र खरी गोष्ट सापडली. क्लच पूर्ण उतरवल्यावर तिथे गिअर शाफ्टचं उजवं टोक दिसतं, ड्रमच्या टोकावरची खाचांची चकती दिसते आणि त्या चकतीवर दाबून बसलेला एक छोटा आर्म दिसतो, ज्याच्या टोकाला फिरती गोळी असते. मिस्त्री लोक चकतीला स्टार म्हणतात. दाराच्या कडीचा खटका जसा घरात बसतो तशी ही गोळी स्टारच्या खाचेत बसते आणि ड्रमला त्या गिअरवर थांबवून ठेवते. काकांनी मला आर्म बोटाने मागे ढकलायला सांगितलं. तो इतका सहज मागे गेला की त्याच्यामागे स्प्रिंग आहे असं वाटेना. स्प्रिंग होती, पण दम गेलेली. म्हणून ड्रम आपल्या घरात नीट बसत नव्हता, दोन घरांच्या मधेच रेंगाळत होता. तोच माझा कुठलाच गिअर नसलेला क्षण, आणि काटोल रोडवर सुटलेला दुसरा गिअर. खुंट खाचेत पूर्ण शिरलेच नव्हते, जोर दिल्यावर बाहेर आले.

"आता याच्याकडे पाहा," काका म्हणाले आणि पेचकसाचं टोक गिअर शाफ्टच्या मुळाशी नेलं. तिथे शाफ्टवर एक जाड स्प्रिंग असते, तिचे दोन पाय केसमध्ये बसवलेल्या एका पिनला दोन्ही बाजूंनी धरून उभे असतात. लिव्हर खाली दाबा, एक पाय उघडतो. सोडा, तो परत येतो. म्हणजे लिव्हर दर वेळी मधोमध येते ती त्या पिनच्या आधाराने. काकांनी पिन चिमटीत धरून हलवली. ती हलली. आट्यांमधून काही फेरे सुटून बाहेर आली होती. पिनच हलत असेल तर मध्य कुठला? शाफ्टच्या टोकाचा आकडा, म्हणजे हूक, कधी ड्रमच्या खिळ्याच्या बरोबर वर येऊन थांबत होता, कधी जरा अलीकडे. अलीकडे थांबला की पुढच्या दाबाला तो खिळा पकडतच नव्हता, आणि कधी पकडून तिथेच अडकत होता.

पूर्वी कधीतरी कुणीतरी हे कव्हर उघडलं असणार, कारण पिनवर पान्याच्या जुन्या खुणा होत्या. पण आट्यांवर काहीच लावलेलं नव्हतं. पिन काढून आटे पेट्रोलने धुतले, पूर्ण सुकू दिले, थ्रेड लॉकचे (आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचे) थेंब लावले आणि पिन आवळली. आर्मची नवी स्प्रिंग आणली, ती तर्री पोह्याच्या प्लेटीच्या पैशात आली. क्लच बसवण्याआधीच काकांनी मला चाक फिरवत गिअर टाकायला लावले. एक, दोन, तीन, चार, परत न्यूट्रल. प्रत्येक वेळी गोळी खाचेत पडल्याचा टक असा आवाज उघड्या इंजिनातून ऐकू येत होता आणि लिव्हर सोडली की जागेवर येत होती. मी ते कितीतरी वेळा केलं. काकांनी थांबवलं नाही.

मग नवं पॅकिंग, नवा ऑइल सील, पुठ्ठ्यावरचे बोल्ट आपापल्या जागी, आणि कव्हर आवळताना एका बाजूने न आवळता समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करून. स्प्रिंगांचंही तसंच केलं होतं. तेल भरलं, वायरचा प्ले पुन्हा जमवला, कारण नव्या प्लेटांनी तो बदलतो.

त्या संध्याकाळी भर गर्दीत मुद्दाम मेडिकल चौकातून सीताबर्डीला गेले. व्हरायटी चौकात टाचेचा एक दाब आणि हिरवा दिवा. पुढच्या सुट्टीला काटोल रोडला नेली, मोठेबाबांकडून दोन पोती घेऊन परत आले, वजनासकट दुसऱ्यावर जोर दिला, सोडला, पुन्हा दिला. गिअर सुटला नाही. खर्च सगळा मिळून त्या पहिल्या आकड्याच्या एक तृतीयांशाच्या आत राहिला, त्यात प्लेटांचाच वाटा मोठा.

फुल इंजिन कधी खोलावंच लागतं हेही काकांना विचारून ठेवलं. चुंबकाला कडक तुकडे लागले तर. आर्म आणि पिन ठीक असूनही दर वेळी तोच एक गिअर जोर दिल्यावर सुटला तर, कारण मग खुंटांच्या कडा गोल झाल्या आहेत किंवा फोर्क वाकला आहे. एकाच गिअरमध्ये घरघर ऐकू आली तर. यातलं काही असेल तर टाळाटाळ करू नये, कारण तुटलेला तुकडा दोन चाकांत सापडला तर केसही फुटते आणि मागचं चाक चालत्या गाडीत जाम होऊ शकतं.

सकाळी गार इंजिनावर पहिला टाकताना थोडा टक आवाज अजून येतो. रात्रभर उभ्या गाडीत प्लेटा तेलाने चिकटतात, म्हणून निघण्याआधी क्लच दोन-तीनदा दाबून सोडते, तेवढ्याने भागतं. हाऊसिंग अजून जुनंच आहे. कानशीने घासलेल्या कडा पुन्हा खचणार, हे काकांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. घाट रोडच्या दुकानात वर्ष लिहून मागणी नोंदवली आहे. हाऊसिंग आलं की पुढच्या ऑइल बदलीला कव्हर उघडायचं, आणि तेव्हा बाबांनाही शेडमध्ये घेऊन जायचं आहे. त्यांना ती पिन बघायची आहे.